काबरीला काय चालतं

अक्का, चार दिवस झाले, काबरीनं काही खाल्लेलं नाही.

स्वयंपाकघरात, तुमच्या पाटाच्या जागी, केळीच्या कॅरेटमध्ये तुमची ती विटकी जांभळी साडी अंथरून तिला ठेवलंय. डोळे उघडे आहेत. मी वाटी पुढे केली की वाटीकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि तोंड फिरवते. तुम्ही असतात तर काय द्यायचं ते एका मिनिटात सांगितलं असतं. वर मला दोन शब्द सुनावले असते आणि मी चार परत केले असते. आता सुनावायलाही कुणी नाही, म्हणून ही वही घेऊन बसले आहे. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस बघू. त्यांचं ते 'बघू' मला अजिबात आवडलं नाही. तुमच्या वेळीही दवाखान्यात सगळे असंच म्हणत होते.

लोक अजून येतात. ओट्यावर बसतात, पाणी पितात आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. किती शांत बाई होती म्हणतात. मी मान हलवते. तेहतीस वर्षं एका घरात जाऊ म्हणून काढली तुमच्याबरोबर, तुम्ही वर आणि मी खाली, आणि शांत तर तुम्हाला मी झोपेतही पाहिलं नाही. तुमचे मालक गेले तेव्हा मी नवीन होते, माझे गेले तेव्हा तुम्ही म्हाताऱ्या झाला होतात. माझा पोरगा पुण्याला गेला. मग घरात उरलो आपण दोघी आणि ही मांजर, जी आपली नाही असं तुम्ही मरेपर्यंत म्हणत राहिलात. गल्लीची आहे म्हणायचात. गल्लीची मांजर म्हणे, आणि तिच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा स्टोव्ह, वेगळी वाटी. मी एकदा विचारलं होतं की गल्लीतल्या बाकी कुणाकुणासाठी वेगळं पातेलं काढायचंय ते सांगून ठेवा. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत.

आता जे झालं ते सांगते. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी हे खरं सांगितलेलं नाही.

भिंतीतल्या कपाटाचं दार आतल्या बाजूनं तुम्ही खडूनं भरून टाकलं होतं. तीस वर्षं अंगणवाडीत गेली तुमची, पर्समध्ये रुमाल नसला तरी खडू असायचा. डावीकडे लिहिलेलं 'चालतं', उजवीकडे 'नाही', आणि मधे पट्टी न लावता ओढलेली सरळ रेघ. गुरांच्या दवाखान्यात चकरा मारून, तिथल्या डॉक्टरांचं डोकं खाऊन तुम्ही एकेक ओळ आणली होती. मी त्या दाराला नावं ठेवायची. डाळीचा डबा काढताना रोज समोर यायची ती यादी, आणि मी ती कधी धड वाचली नाही. घरात वाचणारी बाई आहे, मग मी कशाला वाचू, असं माझं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जवळ बोलावलंत. तोंडावरचा मास्क बाजूला करायला लावलात. मला वाटलं, आता काहीतरी माझ्याबद्दल बोलतील. तेहतीस वर्षांचं काहीतरी. तुम्ही म्हणालात, "नलू, काबरीले कपाटवरनं वाचीसन देत जाय."

एवढंच. मग मास्क पुन्हा लावला आणि दुपारी तुम्ही गेलात.

अक्का, मला राग आला होता. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण मी धरला. तुमची बोटं अजून गरम होती आणि मी मनात म्हणत होते की हिला शेवटी मांजर आठवली. मी कोण होते मग? ताप आला की डोक्यावर पट्ट्या ठेवायला मी होते, केस विंचरायला मी होते, आणि निरोप मांजरीचा.

सुतकात घरात चूल पेटली नाही. आपल्या गल्लीनं काही कमी पडू दिलं नाही. सकाळी एकीकडून पिठलं-भाकरी, संध्याकाळी दुसरीकडून खिचडी, कुणाचं वरण, कुणाची शेवभाजी. ताटं यायची, मी झाकून ठेवायची. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं. काबरी पहिले दोन दिवस तुमच्या खोलीच्या बंद दाराशी बसून राहिली, तिसऱ्या दिवशी खाली आली आणि माझ्या पायात घोटाळली. मी पिठल्याचा गोळा तिच्यापुढे टाकला. कपाट पाच पावलांवर होतं. मी दार उघडलं नाही. तिनं वास घेतला, थोडं चाटलं. दुसऱ्या दिवशी खिचडी टाकली, तीही तिनं भुकेपोटी थोडी खाल्ली. पिठल्यात लसूण होता, खिचडीत लसूण होता, वरणाला लसणाची फोडणी होती. आपल्याकडे लसणाशिवाय कोण काय रांधतं? मी मुद्दाम केलं असं म्हणत नाही. पण काळजीही घेतली नाही. तुमच्यावरचा राग होता, तो बिचारीच्या वाटीत पडला.

दहाव्या दिवशी सुतक फेडायला घर धुवायचं होतं. आपली नणंद, शोभाताई, धुळ्याहून आदल्या संध्याकाळीच आली होती. तिनं जिना धुतला, मी स्वयंपाकघर घेतलं. अंथरुणं-पांघरुणं बाहेर, डबे बाहेर, कोपरान् कोपरा पुसायचा, सुतकातलं काही मागे ठेवायचं नाही. तुम्हीच शिकवलं होतं मला, सासूबाईंच्या वेळी. मी बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि कपाटाचं दार वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. एकदा उलट, एकदा सुलट. फडकं बादलीत टाकलं तेव्हा पाणी पांढरं झालं.

मी त्या पाण्याकडे बघत बसले. शोभाताईनं जिन्यातून विचारलं, झालं का गं? मी झालं म्हणाले.

तुमचं अक्षर घरात आणखी कुठेच नाही, अक्का. मी शोधलं. तुमच्या वह्या अंगणवाडीत जमा झाल्या, सामानाची यादी तुम्ही तोंडी सांगायचात, पत्र तुम्ही कुणाला लिहिलं नाही. एक दार होतं. ते मी स्वच्छ केलं.

मग आली गंधमुक्ती, तेराव्याचं जेवण. दीडशे माणूस जेवायला. एरंडोलची तुमची माहेरची मंडळी, धुळ्याची माझी, गल्ली सगळी. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवायचं होतं. सकाळी त्यावरून थोडं वाजलं. विधी करणाऱ्या महाराजांनी सांगून ठेवलं होतं की पानात कांदा-लसूण चालत नाही. शोभाताई ऐकायला तयार नाही. म्हणाली, आमची वहिनी उभ्या जन्मात पातीच्या कांद्याशिवाय भरीत जेवली नाही, आणि आता शेवटचं पान तिला आजाऱ्यासारखं वाढता का? माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मीही म्हणाले, घालू द्या. हिवाळ्याचे दिवस, बाजारात हिरवीगार पात, भरताची वांगी तुम्ही जशी निवडून आणायचात तशी मी स्वतः आणलेली. तुरीच्या काड्यांवर भाजली. लसूण-मिरची ठेचून घातली, शेंगदाणे घातले, आणि कांद्याची पात दोन जुड्या. वर तेल सुटलं होतं. इतकं चांगलं भरीत मी तुमच्या हयातीत एकदाही केलं नाही, केलं असतं तर तुम्ही त्यातही मीठ कमी काढलं असतं.

सगळा घोळ तिथेच आहे बघा. महाराजांचा तो एक नियम पाळला असता तर आज काबरी उंदरामागे पळत असती. प्रेमापोटी मोडला आम्ही.

पान ठेवलं. कावळे समोरच्या निंबावर बसलेले, पण एकही खाली येईना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. खाली पंगत खोळंबली, पोरं रडायला लागली. बायका कुजबुजू लागल्या की जीव कशात तरी गुंतलाय. पोराला सगळ्यांनी काय काय कबूल करायला लावलं. वर्षश्राद्ध नीट करीन म्हणून झालं, काकूची खोली विकणार नाही म्हणून झालं. कावळा ढिम्म. मला वाटलं, माझ्यामुळे अडलंय. मी पुसलेल्या त्या दारामुळे अडलंय.

आणि कठड्यावरून काबरी आली.

दहा-बारा दिवसांत तिची पार हाडं दिसायला लागली होती. कुणाकडे न बघता सरळ पानापाशी गेली, भात हुंगला, खीर हुंगली, आणि भरितावर तोंड टाकलं. तेलाचा वास आला असणार, भूक तर होतीच. एक माणूस हड म्हणायला पुढे झाला तर शोभाताईनं त्याचा हात धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "अक्काच उनी. हात जोडा बठ्ठा."

सगळ्यांनी हात जोडले. गच्चीवर साठ-सत्तर माणसं, आणि मधे ती मांजर भरीत खातेय. तुमचा भाऊ, जो या मांजरीवरून तुम्हाला सहा वर्षं हसला, तो डोळे पुसत होता. मला मनातून बरं वाटलं, अक्का. तुम्ही आलात असं मलाही वाटलं. मी रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

पण मी हेही बघत होते की ती पात खातेय. आणि मला माहीत होतं.

डॉक्टरांना मी सांगितलं की कांद्याचं मला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे. दाराच्या उजव्या बाजूला पहिली ओळ तीच होती, इतर ओळींपेक्षा मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. 'कांदा, लसूण, पात. शिजवलेला पण नाही.' त्यावरून आपलं केवढं वाजलं होतं आठवतं? काबरी नवीन होती, मी तिला माझ्या ताटातली खिचडी घातली आणि तुम्ही वाटी उचलून मोरीत ओतलीत. मी म्हणाले की आपण माणसं पोत्यानं कांदा खातो, आपलं काही होत नाही, मग हिच्याच पोटाचे काय लाड? तुम्ही म्हणालात, रक्त खराब होतं त्यांचं, पांढरी पडतात. मी हसले होते. अंगणवाडीतल्या बाईला मांजरीचं रक्त कळायला लागलं म्हणाले होते.

गच्चीवर मला एक पाऊल पुढे टाकायचं होतं. शुक् म्हणायचं होतं. सगळे हात जोडून उभे, आणि धाकट्या जावेनं थोरलीला पानावरून हाकललं असं झालं असतं. दीडशे माणसांत ती गोष्ट धुळ्यापासून एरंडोलपर्यंत गेली असती. मी हात जोडून उभी राहिले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती जिन्यावरून उतरताना मधेच बसली. मला वाटलं दमली. चौथ्या दिवशी मोरीत तिनं केलेली लघवी चहासारखी लालसर होती. मी तिचं तोंड उघडून बघितलं, तुम्ही बघायचात तसं ओठ वर करून. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. मग भाजीच्या पिशवीत तिला घातली, तोंड बाहेर ठेवलं, आणि रिक्षानं गुरांच्या दवाखान्यात नेली. रांगेत पुढे दोन म्हशी आणि एक बकरी. मी म्हशीवाल्याला म्हणाले, दादा, मला आधी जाऊ द्या, माझ्या जावेचं माणूस आहे. तो बघतच राहिला. पण सोडलं त्यानं.

डॉक्टर तरुण आहेत, तुम्हाला ओळखतात. अक्कांची मांजर का, म्हणाले. तुम्ही नाही असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मग सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. कांद्यानं रक्त फुटतं म्हणाले, त्यावर उतारा नाही, शरीरानं नवं रक्त करेपर्यंत ती टिकायला हवी, आणि त्यासाठी पोटात अन्न जायला हवं. मग विचारलं, ती घरी काय काय खाते?

आणि मला सांगता येईना, अक्का. सहा वर्षं ती मांजर माझ्या डोळ्यांसमोर जेवली. मी म्हणाले, दारावर लिहिलेलं होतं. ते म्हणाले, मग दाराचा फोटो काढून आणा.

घरी आले आणि तुमच्या पर्समधला खडू शोधला. पर्स उघडायला मला पंधरा दिवस धीर झाला नव्हता, त्या दिवशी एका झटक्यात उघडली. कोऱ्या दारापुढे पाट घेऊन बसले. यादी मी वाचली नव्हती, पण भांडण प्रत्येक ओळीवरून केलं होतं. म्हटलं, भांडणं आठवू.

दूध आधी आठवलं. मी बशीभर दूध ओतलं होतं आणि तुम्ही वरून ओरडलात, "तिले दूध दिऊ नको, तिले पचत नही." मी खालून ओरडले की मांजरले दूध नही ते काय चहा देवाना? दुसऱ्या दिवशी जिनाभर तिनं घाण केली आणि ती तुम्ही मला धुवायला लावलीत. दूध 'नाही'मध्ये लिहिलं. चहाही लिहिला, कारण तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात की तोही नाही. मग सत्यनारायणाचा शिरा. प्रसाद हातावर घेऊन तुम्ही त्यातले मनुके एकेक वेचून बाजूला काढत होतात आणि शेजारीण म्हणत होती की अक्कांना मनुके आवडत नाहीत वाटतं. तुम्ही शिऱ्याचं बोट काबरीला चाटवणार होतात, म्हणून चाललं होतं ते. मनुके नाही, द्राक्षं नाही. नातू सुट्टीत आला तेव्हा त्याच्या हातातलं चॉकलेट तुम्ही हिसकावलंत आणि तो दिवसभर माझ्या पदराआड रडला. मी तुम्हाला बोलू नये ते बोलले. चॉकलेट नाही. शेव नाही, फरसाण नाही, मीठ-तिखटाचं काही नाही. शिजवलेलं हाड नाही, घशात टोचतं.

डावी बाजू अवघड गेली. चालतं त्यावरून आपण कमी भांडलो.

उकडलेलं अंडं, मीठ न घालता. हे आठवलं, कारण पिवळं तिला आणि पांढरं मला असा तुमचा न्याय होता आणि मला वाटायचं हे उलट का नाही. कोंबडीचं मांस, नुसत्या पाण्यात उकडून, हाड काढून. तुम्ही स्वतः अंड्याच्या पलीकडे कधी गेला नाहीत, पण गच्चीवर तो स्टोव्ह पेटवून, नाकाला पदर लावून तिच्यासाठी शिजवायचात. मी खालून विचारायची, अक्का, चव बघितली का? मासा असाच, काटा काढून. भात चिमूटभर, नुसता. गंगाफळ, तो लाल भोपळा, उकडून, पोट साफ होत नसलं तर. आणि केळं. केळ्यावर तुम्ही लिहिलं होतं 'चालतं, पण खात नाही', आणि मी म्हणाले होते की जळगावात राहून केळं खात नाही तर हिला गावाबाहेर काढा. त्यावर तुम्ही हसलात. तेवढं एकदा हसलात बघा यादीवरून.

सगळं लिहिलं. माझं अक्षर वाकडं, रेघ तिरपी. बरंच सुटलं असेल, आणि तेच मला खातंय. एखादी ओळ अशी असेल की आजारी असताना हे द्यावं, आणि ती मी पुसली असेल. अंड्याचं पिवळं पाण्यात कालवून दिलं, नाही. कोंबडी उकडली, तीही तुमच्याच पातेल्यात आणि मीही नाकाला पदर लावून, नाही. चमच्यानं तोंडात घातलं तर बाहेर काढते. मी हात जोडले तिला. अगं खा, म्हणाले, माझ्यासाठी नको तर तिच्यासाठी खा. काल तर ओरडले तिच्यावर आणि मग तिच्या डोक्यावर कपाळ टेकवून कितीतरी वेळ बसले. तुमच्या साडीला अजून तुमचा वास आहे.

मग शेवटची एक गोष्ट आठवली. ती दारावर नव्हती, तुम्ही तोंडानं सांगायचात, म्हणून राहून गेली होती. सगळ्या यादीखाली मी ती लिहिली, आणि यादी कागदावर उतरवून आज सकाळी सलाइनला गेले तेव्हा डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी वाचली. बरोबर आहे म्हणाले, सगळं बरोबर आहे, एवढं तर आमच्याकडेही लिहून लावलेलं नाही. शेवटच्या ओळीपाशी थांबले. विचारलं, हे कुणी सांगितलं?

मी लिहिलं होतं, 'एकटी खात नाही. समोर कुणीतरी जेवायला बसावं.'

ते हसले, वाईट नाही, चांगलं हसले. म्हणाले, "मावशी, मांजर एकटंच खातं. समोर कुणी बसलं तर उलट बिचकतं. असं काही नसतं."

मी म्हणाले, नाही हो, आमच्या अक्का रोज सांगायच्या. आणि बोलता बोलता पिशवी उचलून बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

सहा वर्षांपूर्वी माझे मालक गेले आणि मी जेवण सोडलं होतं. ठरवून नाही सोडलं, भूकच गेली होती. पोरगा ओरडला, शोभाताई रडली, कुणाचं काही चाललं नाही. तुम्ही मला जेव असं एकदाही म्हणाला नाहीत. मला त्याचाही राग होता. महिनाभरानं तुम्ही कुठून तरी हे काबरं पिल्लू आणलंत, नळाच्या खड्ड्यात सापडलं म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला हाक मारलीत. "नलू, ताट लई ये. ती एकली खात नही."

मी कुरकुरले. मांजरीसाठी मी ताट वाढून बसू का? तुम्ही म्हणालात, पिल्लू मरेल, पाप तुला लागेल. मी ताट घेऊन बसले. ते पिल्लू वाटीला तोंड लावायचं, मग तोंड धुवत बसायचं. तुम्ही म्हणायचात, बघ, तू थांबलीस की तीही थांबते, खा. मी एक घास खायची. रोज अकराला, पाटावर, तुम्ही मधे. पुढे मला भूक लागायला लागली आणि मी विसरूनही गेले की कधी लागत नव्हती.

आज दवाखान्याच्या बाकावर, पिशवीत मांजर घेऊन, मला आठवलं की सकाळी सहाला गच्चीवरचा तुमचा स्टोव्ह फरफरायचा. तिचं जेवण तेव्हाच होऊन जायचं. अकराला ती भरल्या पोटी बसलेली असायची. आणि तुम्ही तिच्या वाटीकडे बघत नव्हतात, अक्का. माझ्या ताटाकडे बघत होतात.

सहा वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत. मला कळलं असतं तर मी उठून गेले असते, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळला होता, आणि मी इथे कपाटाशी बसून हिशेब करत होते की शेवटी तुम्हाला मी आठवले नाही. दवाखान्यात काबरीची आठवण केलीत तेव्हा, आता अकराला मला ताट घेऊन कोण बसवणार, हेही तुमच्या मनात असेल का? मी जास्त अर्थ काढत असेन. विचारायला तुम्ही नाहीत. पण मला विचारायचं आहे, आणि मला माफी मागायची आहे, आणि गच्चीवर हात जोडून उभी राहिले त्याची शिक्षा तुम्ही द्या, तिला नका देऊ. एवढं ऐका माझं. मोठी जाऊ म्हणून तुम्ही सगळं तुमचंच खरं केलंत, आता एकदा धाकटीचं ऐका.

दुपारी घरी आले. तुम्ही गेल्यापासून मी चहा-बिस्किटावर आहे हे काल शोभाताईला फोनवर सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. चूल पेटवली. दोन अंडी उकडली, मूठभर भात केला, मीठ घातलं नाही. पिवळं तिच्या वाटीत काढलं, पांढरं माझ्या ताटात. पाट तिच्या कॅरेटसमोर ओढला आणि बसले. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं. नसू दे.

पहिला घास घशात फिरत राहिला. अळणी भात किती बेचव लागतो, तिला सहा वर्षं तुम्ही हेच घालत होतात. दुसरा गेला. काबरी माझ्याकडे बघत होती. मी तिसरा घेतला, मग चौथा. तिनं मान थोडी उचलली, वाटीचा वास घेतला आणि पुन्हा साडीवर ठेवली.

तिनं अजून खाल्लेलं नाही, अक्का. मी मात्र ताट संपवलं. उद्या अकराला पुन्हा वाढून बसते.